मान न धरलेली बाहुली

मित्रांनो, माझा वाढदिवस कधी असतो, असं मला विचारू नका. माझी पंचाईत होईल. मी इतक्या वेळा जन्मले आहे, की त्यातला खरा दिवस कोणता धरायचा हे माझं मलाच ठाऊक नाही. कधी सकाळची प्रार्थना झाल्या झाल्या जन्मले, कधी जेवणाच्या सुट्टीआधी घाईघाईत जन्मले, आणि परीक्षेच्या दिवसांत तर एका दुपारीच वर्गातल्या झाडून साऱ्या मुलींच्या हातून जन्मले. एवढं होऊनही मी मोठी काही झाले नाही. मी कापडाची एक जुनी बाहुली आहे, पण भातुकलीतली नव्हे. अमरावतीच्या एका नर्सिंग शाळेत मुली बाळंतपण करायला शिकतात, त्यांच्या सरावाची मी बाहुली.

मला शिवलं ते शाळेजवळच्या एका शिंप्यानं. त्यानं जन्मभर शर्ट आणि लेंगे शिवले होते, बाळ कधी शिवलं नव्हतं. म्हणून माझे हात जरा लांब झाले आहेत आणि काखेतली शिवण थेट शर्टासारखी आहे. अंग मांजरपाटाचं, डोक्यावर फिकट रेक्झिन, आणि पोटाला शिवलेली सुताची दोरी म्हणजे माझी नाळ. नाक-डोळे काढायला मात्र तो साफ विसरला. मग वर्गातल्या एका मुलीनं काळ्या धाग्यानं माझे डोळे काढले, तेही मिटलेले. आईच्या पोटातून आलेलं बाळ कुठं लगेच टकामका बघतं, असं तिचं म्हणणं. डोळे मिटलेले मिळाले म्हणून असेल, मला भर दिवसासुद्धा स्वप्नं पडतात.

माझं काम सोपं होतं. टेबलावर कमरेच्या हाडांचा एक सांगाडा मांडलेला असे. मला त्याच्या एका बाजूनं आत ठेवायचं आणि दुसऱ्या बाजूनं एखाद्या मुलीनं अलगद बाहेर घ्यायचं. आधी डोकं, मग एक खांदा, मग दुसरा. सत्यभामा मॅडम शेजारी उभ्या राहून शिकवायच्या. त्यांचा एक नियम होता. बाळ रडल्याशिवाय बाळंतपण संपलं म्हणायचं नाही. आता मी कापडाची, मी कुठून रडणार? म्हणून जी मुलगी शेजारी उभी असेल तिनं माझ्या वतीनं रडायचं. काही मुली लाजत रडत, काही मांजरीसारख्या रडत, आणि एकीनं असा काही गळा काढला होता की बाहेरून शिपाई धावत आला.

रडून झालं की मला पुसायचं, गुंडाळायचं आणि कपाटात ठेवायचं. माझी गोष्ट रोज तिथंच संपायची. पुढं काय होतं ते मला कुणी दाखवलंच नाही. म्हणून मी कपाटात पडल्या पडल्या ते स्वप्नात पाहायची. स्वप्नात मला दात यायचे. मी रांगायची, पडायची, टेंगूळ यायचं. वरूडची संत्री सोलून कुणीतरी फोडी माझ्या हातावर ठेवायचं आणि रस कोपरापर्यंत ओघळायचा. एका स्वप्नात तर मी दप्तर घेऊन शाळेत गेले होते आणि पाढे न आल्याबद्दल बोलणीही खाल्ली होती. तुम्हाला बोलण्यांचं कौतुक वाटणार नाही, पण मला वाटलं.

मग एके दिवशी पुण्याहून खोक्यातून नवी बाहुली आली. रबराची, गुळगुळीत, बटण दाबलं की आपली आपण रडणारी. तिच्यापुढं माझा काय निभाव लागणार? मॅडमनी मला बँडेजच्या गठ्ठ्यांखाली सारलं. आतला कापूस हळूहळू गोळा होऊन पायात उतरला, मान लुळी पडली, आणि वर्गातलं रडणं मला कपाटाच्या दारातून ऐकू येऊ लागलं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

तिथून मला बाहेर काढलं ते आरजूनं.

आरजू दर्यापूरची. शेवटची परीक्षा ती नुकतीच पास झाली होती आणि अकोल्याच्या एका प्रसूती रुग्णालयातून तिला मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. बाळंतपणाच्या खोलीत एकच जागा होती आणि ती आपल्याला मिळावी, याखेरीज त्या पोरीच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. अडचण एकच. आरजू हातानं पक्की, पण तोंडानं कच्ची होती. मोठ्या माणसांनी प्रश्न विचारला की तिची जीभ टाळूला चिकटायची. मॅडमनी तिला सांगून ठेवलं होतं, की तिथं बोलणं कमी पडलं तरी चालेल, ते बाहुलीवर करून दाखवायला लावतात, तिथं हात चुकू देऊ नकोस. तेव्हा आरजूनं धीर करून घरी सरावाला बाहुली मागितली. रबराची बाई काही गावाला जायची नव्हती. मॅडमनी बँडेजचे गठ्ठे बाजूला केले आणि मला तिच्या हातात दिलं. नवी तुकडी सुरू व्हायच्या आत परत आण, एवढंच बजावलं. मुलाखतीनंतर अकोल्याहून थेट अमरावतीला येऊन परत देते, असं आरजूनं कबूल केलं.

तिची पिशवी कपड्यांनी आणि पुस्तकांनी गच्च होती, म्हणून तिनं मला ओढणीत गुंडाळून कडेवर घेतलं. एसटीत पाय ठेवायला जागा नव्हती. खिडकीशी भाजीची टोपली घेऊन बसलेल्या एका बाईनं आम्हाला पाहिलं आणि लगेच सरकून जागा केली. लेकरू हाय बापा, बसू द्या तिले, म्हणून तिनं चार जणांना दटावलं. आरजू लाजेनं लाल झाली, पण एवढ्या गर्दीत खरं सांगायचं तिला सुचेना. ती बसली आणि ओढणीचं टोक तिनं माझ्या तोंडावर ओढून घेतलं. बाईनं विचारलं तर झोपलंय म्हणाली. वलगाव मागे पडलं, दोन्ही बाजूंना बोंडं फुटलेल्या पऱ्हाटीची शेतं लागली, थंड वारा आत येऊ लागला, तशी त्या बाईनं आपल्या लुगड्याचा पदर माझ्या पायांवर घातला. मित्रांनो, मी इतकी वर्षं जन्मत आले, पण मला कुणी खरं बाळ समजलं ते त्या एसटीत. दर्यापूर येऊच नये असं मला वाटत होतं.

आरजूचे वडील मुनव्वरभाई गादीवाले. कापूस पिंजायचा, गाद्या-उशा-रजया भरायच्या, दाभणानं टाके घालायचे, हा त्यांचा धंदा. थंडीचे दिवस असल्यानं दुकानात आणि घरात कापूसच कापूस होता. त्यांनी मला उचललं, पोट दाबून पाहिलं, पाय चाचपले आणि मान हलवली. ही तर पुरी बसली, असं ते म्हणाले. गादीवाल्याच्या तोंडी याहून वाईट शब्द नाही. मुनव्वरभाईंची गादी वर्षानुवर्षं बसत नाही, अशी दर्यापुरात ख्याती होती, आणि त्यांच्याच लेकीनं सराव करावा तो असल्या गोळा झालेल्या बाहुलीवर! संध्याकाळच्या आत त्यांनी मला उसवून, नवा पिंजलेला कापूस ठासून पुन्हा शिवलं. मानेकडे तर त्यांनी खास लक्ष दिलं. चिमूट चिमूट कापूस काडीनं आत ढोसला आणि वरून दुहेरी टाके मारले.

काय सांगू तुम्हाला! माझी मान ताठ झाली. आजवर मी पडल्या पडल्या छत पाहिलं होतं, आता बसवलं की समोरची भिंत दिसू लागली. बाळ काही महिन्यांचं झालं, डोकं सावरू लागलं, की बायका कौतुकानं म्हणतात, मान धरली हो बाळानं. मीही मान धरली होती. मला वाटलं, स्वप्नातलं ते पुढचं आयुष्य आता सुरू झालं.

घरी रोज दुपारी मुलाखत होऊ लागली. आरजूची आई आयशाबी पलंगावर डॉक्टरीण होऊन बसायच्या. एकीकडे लसूण सोलणं चालू असायचं.

“सांग, तुले नोकरी काहून पायजे?”

“मला रुग्णसेवेची मनापासून आवड आहे,” आरजू पाठ केल्यासारखं म्हणायची.

“हे तं साऱ्याच पोरी म्हनतीन. तुह्यं सांग.”

इथं आरजू अडायची. आपलं असं तिला काही सुचायचंच नाही. मग ती चिडून मला उचलायची आणि हातानं करून दाखवायची. सांगाड्याच्या जागी उशी असायची. डोकं, खांदा, दुसरा खांदा, पुसणं, गुंडाळणं, छातीशी देणं. रोज हात जास्त सफाईनं चालत होते. मला दोन्ही काखांत धरून ती झपकन उचलायची आणि मी ताठ मानेनं वर यायची. आयशाबी खूश, मुनव्वरभाई खूश, आणि मी तर काय, हवेतच होते.

यात काय चुकत होतं, ते तुमच्या लक्षात आलं का? आमच्यापैकी कुणाच्याच आलं नव्हतं.

शेजारच्या घरची नगमा बाळंतपणाला माहेरी आली होती. तिचं बाळ अजून महिन्याचंही नव्हतं. मुलाखतीला थोडेच दिवस उरले असताना आयशाबी तिच्यासाठी डिंकाचे लाडू घेऊन निघाल्या आणि आरजूलाही बरोबर घेतलं. मला आरजूनं काखेत मारलं होतंच, ती तेव्हा मला सोडून कुठं जातच नव्हती. नगमानं हसून बाळ तिच्यापुढं केलं, घे, तू तर आता सिस्टर झालीस म्हणाली. आरजूनं मला बाजेवर ठेवलं. बाळाला तिनं दोन्ही काखांत धरलं आणि झपकन उचललं.

बाळाचं डोकं मागं गेलं.

त्यानं दोन्ही हात फाकवले, तोंड वासलं, आणि क्षणभर त्याचा आवाजच फुटला नाही. आयशाबींचा हात विजेसारखा पुढं आला आणि मानेखाली गेला. बाळाला काही झालं नाही. ते रडलं, दूध प्यालं आणि झोपून गेलं. नगमानंही मनाला लावून घेतलं नाही. पण आरजूचा चेहरा पांढराफटक पडला होता. बाळाच्या मानेखाली हात हा दाईचं काम शिकणाऱ्या मुलीचा पहिला धडा, आणि परीक्षा पास झाल्यावर तिचा हात तोच विसरला होता. माझ्या ताठ मानेनं तिला तो विसरायला लावला होता.

घरी येऊन ती कापसाच्या ढिगाशी बसून राहिली. आईनं जेवायला बोलावलं तरी उठली नाही. शेवटी म्हणाली, “अम्मी, मी नाई जात अकोल्याले. माह्या हातून कोनाचं लेकरू गेलं तं?”

आयशाबी रागावल्या नाहीत. त्यांनी मला उचललं, काखांत धरून पाहिलं, मान इकडंतिकडं वाकवून पाहिली. ती वाकली नाही. मग त्या मला घेऊन दुकानात गेल्या आणि नवऱ्याला सारं सांगितलं. मुनव्वरभाई हातातलं दाभण तसंच धरून ऐकत राहिले. ज्या मानेवर ते इतके खूश होते, तिच्याकडे त्यांना पाहवेना. दाभण खाली ठेवून त्यांनी कात्री घेतली, स्वतःचेच दुहेरी टाके कापले आणि बोटानं कापूस बाहेर ओढायला सुरुवात केली. आरजू दारात येऊन उभी राहिली होती.

तिच्याकडे न बघता ते म्हणाले, “आजवर कोनाच्या गादीतून कापूस काढला नाई मी. पन हे गादी नाई बेटा, लेकरू हाय. माह्या ध्यानात नाई आलं.”

त्यांनी तो कापूस माझ्या डोक्यात मागच्या बाजूला भरला, म्हणजे डोकं जड झालं आणि मान अगदी लुळी. मला परत तिच्या हातात दिलं तेव्हा माझं डोकं कलंडलं आणि पुन्हा छत दिसू लागलं. मित्रांनो, मला रडू आलं असतं, पण माझ्या वतीनं रडायला तिथं कुणी नव्हतं. मान धरून मला उणेपुरे पंधरा दिवस झाले होते. तेवढंच माझं मोठं होणं. पण मग मानेखाली आरजूची ऊबदार बोटं आली, आणि मला कळलं की छत दिसत असलं तरी मी पडत नाहीये.

आरजू पुन्हा सरावाला लागली. आता झपकन काही नव्हतं. तिचं लक्ष चुकलं की माझं डोकं मागं जायचं, आणि ते जायच्या आत हात यायला शिकला. आयशाबी स्वयंपाक करता करता मध्येच मला तिच्याकडे द्यायच्या, कधी पाठीमागून, कधी ती बोलत असताना. हात यायचाच. प्रश्नोत्तरांचं मात्र कुणी नाव काढलं नाही. ते राहूनच गेलं.

अकोल्याला निघताना मी पिशवीत होते, डोकं तेवढं बाहेर. रुग्णालयात मुलाखतीच्या खोलीत डॉक्टर वर्षाली मॅडम आणि तिथल्या मोठ्या सिस्टर बसल्या होत्या. आरजूनं पिशवी दाराशी ठेवली, त्यामुळे मला सगळं दिसत होतं. मिटल्या डोळ्यांनी पाहायची मला सवय आहे.

डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न तो विचारला. ही नोकरी का हवी? आरजूच्या तोंडून रुग्णसेवा एवढाच शब्द आला आणि पुढची गाडी अडली. डॉक्टरांनी दुसरं काही विचारलं, तिसरं विचारलं. त्यांचंही तेच. बाहेर बाकावर अजून कितीतरी मुली बसल्या होत्या, आणि डॉक्टरांची नजर एकदा दाराकडे जाऊन आली. माझा तर जीव खाली-वर होत होता.

मग मोठ्या सिस्टर उठल्या आणि टेबलावरच्या हाडांच्या सांगाड्यात ठेवलेली बाहुली त्यांनी आरजूपुढं सरकवली. कडक रबराची, ताठ मानेची. आरजूनं खांदा सोडवला, बाळ बाहेर घेतलं, आणि उचलताना तिचा डावा हात सावकाश मानेखाली गेला.

“तिची मान वाकत नाही,” सिस्टर म्हणाल्या. “धरायची गरज नाही. पुढं दाखवा.”

आरजूनं हात काढला नाही.

“इची नाई वाकत, मॅडम,” ती हळूच म्हणाली. “पन हात तं माहाच हाय ना. इथं ढिला सोडला, तं तिकडं खऱ्या लेकराच्या वक्ताले ढिला पडते. पडला होता मॅडम. मी पायलं.”

आपण भीतीच्या भरात घरची बोली बोलून गेलो, हे आरजूला नंतर कळलं आणि तिनं खाली मान घातली. डॉक्टरांनी सिस्टरकडे पाहिलं. सिस्टर दार उघडून निघाल्या आणि आरजूला मागं यायची खूण केली. आरजूनं दाराशी ठेवलेली पिशवी खांद्याला लावली, म्हणून मीही गेले.

वॉर्डात सकाळीच झालेलं एक बाळ आईच्या कुशीत झोपलं होतं. सिस्टरनी त्याच्याकडे बोट केलं. पण आरजूनं आधी विचारलं, हात कुठं धुऊ? हात धुऊन ती खाटेशी आली, तरी बाळाला शिवली नाही. आईकडे वाकून म्हणाली, “ताई, घेऊ काय याले? तुमी जेवल्या का? पाठ दुखून राहिली काय?” आणि ती बाई बोलायला लागली, आरजूही बोलायला लागली. उशी कुठं लावायची, पाजताना कसं बसायचं, भीती कशाची वाटते. इतके दिवस अडून बसलेली जीभ त्या खाटेशी अशी सुटली, की जणू दोघींची जुनी ओळख. बोलता बोलता तिनं बाळ उचललं. तिचं लक्ष आईकडे होतं, हाताकडे नव्हतंच. हात आपला आपण मानेखाली गेला होता.

ते बाळ मी पाहिलं. माझ्यासारखेच डोळे मिटलेले, पण नाकपुड्या हलत होत्या. पुढं ते रांगणार होतं, पडणार होतं, पाढे चुकणार होतं. मला हेवा वाटेल असं वाटलं होतं, पण वाटला नाही.

सिस्टरनी आरजूला बाहेर बाकावर बसवलं. बाकीच्या मुलींच्या मुलाखती संपल्यावर आत बोलावून डॉक्टरांनी सांगितलं, एक तारखेपासून या. आणि उत्तरं पाठ करत बसू नका, तुम्हाला बाळंतिणींशी बोलता येतं तेवढं आम्हाला पुरे आहे. आरजूनं दर्यापूरला फोन लावला तेव्हा पलीकडून आयशाबींचा आवाज आला आणि मागून मुनव्वरभाई, आता तुझ्यासाठी नवी गादी भरतो, म्हणाले.

त्याच दिवशी तिनं मला अमरावतीला मॅडमच्या स्वाधीन केलं आणि मानेची सगळी हकीकत सांगितली. मॅडमनी मला बँडेजखाली ठेवलं नाही. नव्या तुकडीतल्या मुली पहिले दिवस आता माझ्यावरच शिकतात, आणि रबराची बाई कपाटात बसून आमचं ऐकते. मी रोज जन्मते. माझी मान रोज कलंडते आणि रोज एखादा नवा, घाबरलेला हात तिच्याखाली येतो.

मित्रांनो, तुमची मान आता चांगली ताठ आहे. तुम्ही हवं तिकडं पाहता, नको तिकडंही पाहता. पण एक काळ असा होता, की तुमचं डोकं तुम्हाला सावरत नव्हतं, आणि तेव्हा कुणाचा तरी हात त्याच्याखाली होता. आईचा असेल, दाईचा असेल, एखाद्या अशा सिस्टरचा असेल जिचं नावही तुमच्या घरात आता कुणाला आठवत नाही. तो हात एकदाही चुकला नाही, म्हणून आज तुम्ही ही गोष्ट वाचता आहात. तेव्हा कधी तुमच्या घरी नवं बाळ आलं आणि कुणी विश्वासानं तुमच्या हातात दिलं, तर घाई करू नका. हात धुवा, खाली नीट बसा, आणि पहिला हात मानेखाली न्या. बाळ तुम्हाला हे सांगू शकणार नाही, म्हणून त्याच्या वतीनं मी सांगते आहे.